प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : गोदेवरचा दगडी पूल

पावसाळ्याच्या तोंडावर आलेली बरीचशी पत्रे यंदा एकाच विषयाची निघाली. कुणाला नाशिकच्या होळकर पुलाचा इतिहास हवा आहे, कुणाला पुराची धास्ती आहे, कुणाच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. म्हणून हा सगळा अंक दगडी बांधकामाला दिला आहे. पत्रे थोडी कापली आहेत, प्रश्न मात्र आले तसेच.

रामकुंडावर पाहुण्यांना काही जण सांगतात की वरच्या अंगाचा पूल अहिल्याबाईंनी बांधला. घरातले म्हातारे त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतात. खरे काय?
(पंचवटी)

पूल एकच आहे, नावे दोन. अहिल्याबाई होळकर १७९५ मध्ये निवर्तल्या. पूल त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १८९० च्या दशकात उभा राहिला आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याला राणीचे नाव मिळाले. अहिल्याबाईंचे नाव पुढे आदराने दिलेले आहे. ते योग्यच आहे, पण नावावरून बांधणारा ठरत नाही. गाइडला टोकायचे असेल तर एवढेच विचारा, 'पूल अहिल्याबाईंचा, मग १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) तो कुठे आहे?' आपल्याकडचा शोध याच प्रश्नापासून सुरू होतो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी या पुलाचा इतिहास लिहायचा आहे. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळी साले आहेत. खात्रीचे कुठे मिळेल?
(गंगापूर रोड)

पुलाचा इतिहास शोधताना आधी कुंपण घालून घ्यायचे असते : या सालाच्या आधी नव्हता, या सालानंतर होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड १८८३ चा आहे. त्यात रस्ते, नद्यांवरच्या होड्या, उतार, पूल यांची माहिती आहे. एवढा मोठा पूल त्यात नसणे म्हणजे तो तेव्हा नव्हता, असे धरायला हरकत नाही. हे कुंपणाचे एक टोक झाले. दुसरे टोक राणीच्या नावात आहे. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती आणि १८८७ व १८९७ या तिच्या दोन ज्युबिलींच्या आसपास देशभर पूल, टाऊन हॉल, बागा यांना तिचे नाव देण्याची लाट होती.

यानंतर खरा कागद शोधायचा. मोठ्या सरकारी पुलाचा कागद सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात असतो आणि इलाख्याचे दप्तर मुंबईला काळा घोडा भागात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. तिथे नुसते 'नाशिकचा पूल' म्हणून मागितले तर हाती काही लागत नाही. खाते, वर्षांचा पट्टा आणि ठिकाण अशी तिन्ही माहिती अर्जात लिहा. वर्षे १८८५ ते १९०० अशी सैलच ठेवा, कारण मंजुरीचा कागद बांधकामाच्या कितीतरी आधीचा असतो. ठिकाणाचे इंग्रजी स्पेलिंग त्या काळचे, म्हणजे 'नासिक' असे द्या. 'होळकर पूल' या नावाने मात्र शोधू नका. पुण्याला खडकीजवळही होळकर पूल आहे आणि त्याचेच कागद समोर येतील.

जुनी पोस्टकार्डे पाहाल तर मागची बाजू आधी बघा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर कार्ड विसाव्या शतकातले आहे. चित्र मात्र त्याहून जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापलेले असू शकते, त्यामुळे कार्डाचे साल हे चित्राचे साल समजू नका. सर्व्हेच्या जुन्या नकाशावरही हीच फसगत होते. समासात पाहणीचे साल वेगळे आणि छपाईचे वेगळे असते. आपल्या कामाचे पहिले.

शाळेच्या प्रकल्पाला एवढे पुष्कळ झाले. मुलीने एक काम मात्र स्वतः करावे. पाणी कमी असताना काठावरून गाळे, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी अंतरे, मोजावेत, खांबांचा आकार काढावा, कोणता खांब जाड आणि कोणता बारीक ते टिपावे. ही माहिती वेबसाइटवर सहसा नसते.

सिमेंट नाही, क्रेन नाही, वाहत्या नदीत कमानी उभ्या केल्या कशा?
(नाशिक रोड)

पाण्याशी भांडायचे नाही, ही पहिली युक्ती. पायाचे काम दिवाळीनंतर सुरू करायचे आणि मृगाच्या आत पाण्याच्या वर आणायचे. जिथे खांब उभा करायचा त्याभोवती माती आणि लाकडी फळ्यांचा बांध घालायचा, आतले पाणी उपसायचे आणि खडक लागेपर्यंत खाली जायचे. नाशिकच्या पात्रात खडक जागोजाग उघडा आहे, हे इथले भाग्य. वाळूच्या नदीत विहिरी उतरवत खोल जावे लागते, इथे तेवढा खटाटोप नाही. पण खडक लागला म्हणून त्यावर तसाच दगड ठेवत नाहीत. वरचा कुजका, मुरमाड थर काढून खडकाला पायऱ्या किंवा सपाट बैठक कोरतात. उतरत्या खडकावर बसवलेला खांब पुढे घसरतो.

दगड आपला काळा पाषाण. एक घनमीटर भरीव दगड साधारण २,८०० ते २,९०० किलो भरतो. खाणीत पहार आणि सुतकीने फोडायचा, पाथरवटाने टाकीने घडवायचा, गुण्या लावून कोपरे तपासायचे. दर्शनी दगड घडीव, आतली भर ओबडधोबड दगड आणि चुन्याची. खांब फोडून पाहिला तर 'चिरेबंदी' हे बाहेरचे कवच असते, आत खिचडीच असते. दुरुस्तीच्या वेळी ही गोष्ट विसरली जाते आणि घोटाळे होतात.

कमान बांधताना खाली लाकडी ढोला लागतो, आजच्या भाषेत सेंटरिंग. ढोल्यावर दोन्ही बाजूंनी सारख्याच गतीने पाचरी दगड चढवत मधोमध भेटायचे. एक बाजू पुढे गेली की ढोला वाकडा होतो आणि कमानही. मधला दगड शेवटी बसतो म्हणून त्याला किल्लीचा दगड म्हणतात. त्याच्यात जादू काही नाही. कमानीतला प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबून उभा असतो, किल्लीचा दगड त्यातलाच एक. चुन्याने दगड एकमेकांना चिकटून राहतात म्हणून कमान उभी आहे, असेही नाही. चुना म्हणजे दोन दगडांमधली गादी. तो दाब सारखा पसरवतो आणि फटी बुजवतो. चांगली घडीव कमान चुन्याशिवायही उभी राहते.

ढोला काढणे हा सगळ्यात नाजूक टप्पा. खाली लाकडी पाचरी ठेवलेल्या असतात. त्या सगळ्या गाळ्यात थोड्या थोड्या सैल करत ढोला इंच-अर्धा इंच उतरवायचा. कमान त्याबरोबर थोडी बसते, बसायलाच हवी. चुना कच्चा असताना ढोला काढला तर कमान नको तितकी बसते आणि माथ्याच्या खालच्या अंगाला भेग पडते. चुना सिमेंटसारखा आठवड्याभरात पकडत नाही, म्हणून ढोला कित्येक आठवडे जागचा हलवत नसत.

कमानीच्या माथ्याची जाडी किती ठेवायची यासाठी एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर रँकिनचा नियम प्रचलित होता. फुटांत हिशेब : ओळीने अनेक कमानी असतील तर त्रिज्येला ०.१७ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. अर्धवर्तुळाकार ५० फुटी गाळ्याची त्रिज्या २५ फूट, म्हणजे माथा दोन फुटांहून किंचित जास्त. एकटी कमान असेल तर ०.१७ ऐवजी ०.१२ घ्या, उत्तर पावणेदोन फुटांच्या आसपास येते. आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या पुलाची कमान मोजून हा हिशेब लावून पाहा, बहुतेकदा जवळपास जुळतो.

आता तो जाड-बारीक खांबांचा मुद्दा. प्रत्येक कमान खांबाला बाजूला ढकलते. दोन्हीकडच्या कमानी सारख्याच ढकलतात म्हणून मधला बारीक खांबही तरतो. एक कमान कोसळली की शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला कुणी उरत नाही आणि ओळच्या ओळ आडवी होते. म्हणून लांब पुलात काही कमानींनंतर एखादा मुद्दाम जाड खांब घालतात, म्हणजे पडझड तिथे थांबावी.

मोठ्या पुलाला नरबळी दिलेला असतो, असे आजी सांगायची.
(जुने नाशिक)

नाही. पूल बांधायला निघाला की पोरे पळवण्याच्या अफवा उठत, त्यातून ही गोष्ट गावोगाव पसरली. पुलाला लागतो तो चुना, दगड आणि कोरडा हंगाम.

चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घालत असे ऐकले आहे. आमच्या वाड्याच्या दुरुस्तीत घालावे का?
(जुने नाशिक)

आधी चुन्याचे बघू, गूळ नंतर. चुना दोन जातीचा. शुद्ध चुनखडी भाजून मिळतो तो मऊ, पांढरा चुना. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पकडतो, पाण्याखाली पकडतच नाही. आपल्या काळ्या जमिनीत सापडणारे कंकर भाजले तर त्यातल्या मातीच्या अंशामुळे ओल्यातही पकडणारा चुना मिळतो. पुलाच्या पायाला हाच लागतो. मऊ चुन्यालाही तसा गुण आणता येतो, त्यासाठी भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी मिसळायची. चुना, सुरखी आणि वाळू समभाग, हे जुने प्रमाण ओल्या जागेला चांगले. कोरड्या भिंतीला एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू.

मळणे हा निम्मा गुण. बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली तासन्‌तास मळलेला चुना लोण्यासारखा होतो. त्यात कोरडे खडे राहत नाहीत. न विरलेला खडा भिंतीत गेला की महिन्यांनी ओल लागून फुगतो आणि गिलावा फोडून बाहेर येतो. आज घाणी मिळत नाही, मोर्टार मिल मिळते. साध्या काँक्रीट मिक्सरमध्ये चुना नीट मळला जात नाही.

गूळ, हिरडा, बेल हे गिलाव्यात आणि हौदांच्या अस्तरात वापरत, कारण त्याने चुना सावकाश पकडतो, हाताला लवचीक राहतो आणि पाणी कमी पितो. शेकडो ब्रास बांधकामाच्या पुलात गुळाच्या ढेपी ओतल्या असतील, हे हिशेबात बसत नाही. वाड्याच्या गिलाव्यात घालायचा असेल तर आधी हातभर जागेवर नमुना लावा आणि महिनाभर बघा. गूळ जास्त झाला तर चुना पकडतच नाही, शिवाय मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

खांबाला वरच्या अंगाला नावेसारखे टोक का असते?
(सिडको)

पाणी दुभागण्यासाठी आणि वाहून येणारे ओंडके अडकू न देता बाजूला घालवण्यासाठी. खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जाते त्या बाजूला, खांब गोल किंवा आखूड टोकाचा असतो. तिथे काम एवढेच की खांबामागे भोवरे कमी उठावेत.

दर पावसाळ्यात गोदेला पूर आला की होळकर पुलाखालच्या क्युसेकचे आकडे येतात. ते धरणाच्या आकड्याहून जास्त कसे? आणि पूल खरोखर किती धोक्यात असतो? महाडसारखे इथे होऊ शकते का?
(रामवाडी)

आधी आकडे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८,३०० लिटर : दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. गंगापूर धरणाचा आकडा हा फक्त दरवाजातून सोडलेल्या पाण्याचा. धरण ते पूल या पट्ट्यातले ओढे, नाले आणि शहराची गटारे यांचे पाणी पुलाखाली त्यात मिळालेले असते, म्हणून आकडा वाढतो. वाघाडी आणि नासर्डी मात्र पुलाच्या खालच्या अंगाला मिळतात. म्हणून होळकर पुलाचा आकडा बेताचा असतानाही खाली पाणी चढू शकते.

आपल्याकडे पूर मोजतात तो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी पायाला, कमरेला, छातीला, डोक्याला. आणि मोठा पूर म्हणजे नारोशंकर मंदिराच्या घंटेला. १७४७ च्या मंदिरातली ही पोर्तुगीज घंटा आणि १९६९ चा महापूर नाशिककरांच्या बोलण्यात एकत्रच येतात. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालेले होते, तरी चार वर्षांनी तो पूर आला, हे ध्यानात ठेवावे. धरण भरलेले असताना घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की आलेले पाणी पुढे सोडण्याखेरीज पर्याय नसतो. मारुतीच्या खुणेत एक गफलत आहे. पात्रात भराव, ओटे, काँक्रीट वाढले की तेवढ्याच पाण्याची पातळी वर चढते. त्यामुळे आजची 'कमरेएवढी' आणि पन्नास वर्षांपूर्वीची 'कमरेएवढी' यांत पाणी सारखेच असेल असे नाही.

आता धोका. २ ऑगस्ट २०१६ ला गोदेला मोठा पूर होता आणि त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. तेव्हापासून दगडी पूल म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण 'जुना म्हणून पडेल' किंवा 'दगडी म्हणून टिकेल' असे कुठलेच सूत्र नाही. पुलाखाली काय आहे, ते पाहावे लागते.

पुरात दगडी पुलाला मारणारी मुख्य गोष्ट म्हणजे पायाखालची धूप. पाणी खांबाला धडकून खाली वळते आणि खांबाच्या बुंध्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो. तो तळ उकरत जातो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो, आणि ते पाणी हलवू शकेल अशा धोंड्याचे वजन चौसष्टपट. म्हणून शेवटच्या काही फुटांचा चढ सर्वांत घातकी. पायाची खोली ठरवताना भारतीय रस्ते परिषदेच्या नियमांत खांबापाशी धूप सरासरी धुपीच्या दुप्पट धरतात, ती याचसाठी. आणि दगा असा की पूर ओसरताना तो खड्डा गाळाने परत भरतो. दुसऱ्या दिवशी पाहणारा 'तळ जागच्या जागी आहे' म्हणून सही करून मोकळा होतो. खरी तपासणी म्हणजे उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर खांबाच्या कडेने लोखंडी सळई ठोकून बघणे. खडकावर सळई टणकन थांबते, ताज्या गाळात सहज हातभर जाते. पूर चालू असताना वजन बांधलेला दोर किंवा ध्वनियंत्र पुलावरून सोडून खोली मोजता येते, पण ते पाण्याचा जोर पाहून तज्ज्ञाने करायचे काम आहे.

पाया खडकात नीट बसवलेला असेल तर ही चिंता बरीच कमी होते. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली, कमान वर निमुळती होत जाते, म्हणून पाणी जसे चढते तशी वाट अरुंद होते. त्यात बाभळी, पाणवेली, मंडपाचे बांबू अडकले की पूल आपणहून बंधारा बनतो. दुसरी, पाण्यात बुडालेला दगड एक तृतीयांशाहून अधिक हलका होतो. घनमीटरला २,८५० किलोचा दगड पाण्यात १,८५० किलोचा. पूल आपल्या वजनावर उभा असतो आणि पुरात नेमके तेच वजन घटते. कठड्यावरून पाणी गेले तर कठडा आधी जातो, त्याच्या मागून बाजूच्या भिंती. तेव्हा पूर बघायला पुलावर गर्दी करणे हा निव्वळ अविचार. काठ त्याहून बरा, तोही वरचा.

होळकर पुलाखाली स्मार्ट सिटीच्या योजनेत यांत्रिक दरवाजे बसवण्याचे काम हाती घेतले गेले. अशा कामाबद्दल नागरिकांनी विचारायचा प्रश्न 'चांगले की वाईट' हा नाही. विचारायचे ते असे : पावसाळ्यात दरवाजे पूर्ण मोकळे होतात का, बंद पडले तर हाताने उघडता येतात का, आणि दरवाजावरून पडणारे पाणी ज्या तळावर आदळते त्याला काँक्रीटची किंवा मोठ्या दगडांची गादी दिली आहे का. पाणी पडते तिथला तळ उकरत उकरत मागे सरकतो, आणि मागे पूल आहे.

आमच्या वाड्याच्या दगडी भिंतीत पिंपळ उगवला आहे. दरवर्षी कापतो, दरवर्षी येतो. पुलांवरही हेच दिसते. कायमचा उपाय?
(भद्रकाली)

कापल्याने तो जोर धरतो. वर फांदी छाटली की आत मूळ जाड होते. वड, पिंपळ, उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दरजेत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यात पडते, आणि जिथे रोप उगवले तिथे आत ओल आहे हे नक्की. म्हणून आधी ओलीचे कारण शोधा : फुटका पन्हाळ, बुजलेली नळी, वरचा तडा.

रोप करंगळीहून बारीक असेल तर ओला दिवस बघून भोवतालचा सैल चुना खरवडा, मुळासकट काढा आणि पोकळी लगेच चुन्याने भरा. पिंपळाला हात लावायला घरातले कचरत असतील तर तेच रोप कुंडीत जगते, नंतर मोकळ्या जागी लावा. जाड खोड मात्र ओढू नका. मुळांच्या मिठीत चार-पाच दगड असतात, ते सोबत येतात.

खोडाला पावसाळा संपता संपता हात घाला, झाड वाढीत असताना. भिंतीपासून वीतभर ठेवून खोड कापा. कापलेल्या तोंडावर दहा-बारा मिलिमीटर रुंद आणि दोन-तीन इंच खोल अशी तिरकी खाली उतरती भोके पाडा आणि तणनाशक लगेच त्यात भरा. तासाभराने भरले तर खोडाची तोंडे मिटलेली असतात. ग्लायफोसेटच्या वापरावर २०२२ पासून निर्बंध आहेत, ते परवानाधारक कीड नियंत्रकाकडूनच करून घ्यावे लागते. नदीकाठी तर स्वतः ओतूच नये. दोन-तीन महिने थांबा, फुटवा आला तर पुन्हा करा. मूळ पूर्ण मेल्यावरच सैल दगड उतरवा, क्रमांक घालून ठेवा, मूळ दिसेल तेवढे काढा, बाकी आत राहू द्या आणि पोकळीत पातळ चुन्याचा रस खालून वर भरत न्या. एका दिवसात तीन-चार फुटांपेक्षा जास्त उंची भरू नका, ओल्या रसाच्या दाबाने दर्शनी चिरे बाहेर फुगतात.

ॲसिड नको, ते चुना खाते. मीठ नको, ते भिंतीत कायमचे मुरते आणि पापुद्रे काढते. हिंगावर वेळ घालवू नका. झाड मोठे असेल तर शहरात तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पुलावरच्या झाडांना स्वतः हात लावायचाच नाही. गाळा क्रमांक आणि फोटो जोडून लेखी कळवा.

जुन्या दगडी पुलाच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या तर मजबुती येईल ना? आणि दरवर्षी वर डांबर टाकतात ते बरे की वाईट?
(सातपूर)

सिमेंटने मजबुती येते ती फक्त दिसायला. काळा दगड सिमेंटपेक्षा कठीण असल्याने विटांसारखा लगेच झिजत नाही, पण त्रास वेगळाच होतो. भरावात शिरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजांतून झिरपून वाळत असे. सिमेंटने ते कोंडते, आतला चुना विरघळून पांढरे ओघळ बाहेर येतात आणि खिचडीचा गाभा हळूहळू सुटा होतो. बाहेरून पूल नवा कोरा दिसतो. कमानीच्या खालच्या अंगाला पांढरे ओघळ दिसले तर वरचा पाणीबंद थर गेला आहे असे समजावे.

दरजा भरायच्याच तर रुंदीच्या दुप्पट आणि निदान २५ मिलिमीटर खोल खरवडा. छिन्नी-हातोडी वापरा, ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. धूळ धुवा, दगड ओला करा, पाण्यात पकडणारा चुना एक भाग आणि धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग घेऊन दाबून भरा. त्यावर ओली गोणपाटे आठ-दहा दिवस. चैत्र-वैशाखात हे काम काढू नका, चुना पकडण्याआधीच वाळून भुगा होतो. खांबांतल्या आणि बाजूच्या भिंतींतल्या पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या चुकूनही बुजवू नका. कंत्राटदार 'फट दिसली' म्हणून त्याच आधी भरतो.

डांबराचे गणित सोपे आहे. दोन इंचांचा, म्हणजे ५० मिलिमीटरचा थर चौरस मीटरला ११५ ते १२० किलो. जुना न उकरता सहा वेळा थर चढला की फूटभर जाडी आणि चौरस मीटरला ७०० किलोचे कायमचे ओझे. त्यातच कठडा फूटभर ठेंगणा होतो, तो धोका कुणी मोजतच नाही. पावसाचे पाणी जाणाऱ्या नळ्यांची तोंडेही त्याखाली गाडली जातात. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढा, एवढे एक वाक्य निविदेत असले तरी पुष्कळ.

आमच्या गावात ओढ्यावर जुनी दगडी कमानीची मोरी आहे. हंगामात टोमॅटो, द्राक्षांच्या गाड्या आणि वाळूचे ट्रक जातात. खाली भेग दिसते. पंचायतीने काय तपासावे?
(दिंडोरी तालुका)

भेगेची दिशा बघा, तिच्यात निम्मे उत्तर आहे. रस्त्याच्या लांबीला समांतर आणि कडेपासून फूट-दोन फूट आत असलेली भेग बाजूच्या भिंतीने कमानीपासून काडीमोड घेतल्याची असते. आतल्या ओल्या भरावाने भिंत बाहेर ढकलली जाते. तातडी आहे, पण कमान अजून शाबूत आहे. रस्त्याला आडवी, मोरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी भेग वेगळी. तिथे कमान बिजागरीसारखी दुमडते आहे. अशी तीन ठिकाणे होईपर्यंत कमान तगते, चौथे झाले की खाली येते. आडव्या भेगा एकाहून जास्त असतील तर जड वाहने आजच बंद करा, तपासणी नंतर.

भेग जुनी की चालू, हे काचेच्या पट्टीवरून कळते. भेगेवर आडवी पातळ काच दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग चालू आहे. एका मोरीला निदान तीन काचा, एक हंगाम पूर्ण.

कमानीच्या दगडी पट्ट्याची जाडी मोजताना दर्शनी दगडावर जाऊ नका. कडेचा चिरा दोन फूट दिसतो आणि आत कमान सव्वा फुटाची निघते, कारण दर्शनी दगड शोभेसाठी मोठा घेतलेला असतो. आतली जाडी छोटे भोक पाडूनच कळते आणि ते इंजिनिअरनेच पाडावे.

ओझ्याचा अंदाज हवा तर २०१८ नंतर दहा चाकी ट्रकला एकूण २८.५ टनांची मुभा आहे, आणि वाळूचा ट्रक तेवढ्यावर थांबतो हा भाबडा समज. जुन्या मोरीवर डांबरात खड्डा असेल तर चाक आदळून ओझे क्षणभर कितीतरी वाढते. तेव्हा तपासणी होईपर्यंत तीन गोष्टी करा : खड्डे बुजवा, दोन्ही तोंडांना उंचीची लोखंडी कमान लावून मोठे ट्रक अडवा, आणि एका वेळी एकच गाडी मधोमध जाईल असे दगड मांडा. कडेने गाडी गेली तर बाजूच्या भिंतीवर रेटा येतो.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज करताना 'पूल धोकादायक आहे' एवढेच लिहून पाठवू नका. गाळ्याची लांबी, कमानीची उंची, भेगेची दिशा आणि लांबी, काचा कधी लावल्या आणि कोणती कधी तडकली, मोरीवर डांबराची जाडी किती, उन्हाळ्यात बुंध्याशी सळई किती आत गेली, हे सगळे एका कागदावर मांडा. सोबत वरच्या अंगाने, खालच्या अंगाने आणि कमानीच्या खालून काढलेले फोटो जोडा. प्रत्येक फोटोत माप कळावे म्हणून एक मीटरची काठी उभी धरा.